तुराट्यांचा गोठा: दोष काडीचा की उघड्या काडीचा?

होळीचा सण उलटला, गहू-हरभरा घरी आला आणि रानातील शेवटचा ओलावा आटला, म्हणजे वाशीम जिल्ह्यात आगीचे दिवस सुरू होतात. पैनगंगेच्या काठापासून कारंजा-मानोऱ्याच्या माळापर्यंत सर्वत्र काडी-कुटार इतके वाळून गेलेले असते की, मुठीत धरून दाबताच त्याचा भुगा व्हावा. या दिवसांत कोठे गोठा जळाला, कोठे कडब्याची गंजी पेटली, कोठे कुटाराचा ढीग भस्म झाला, अशा वार्ता वरचेवर कानी येतात. त्या वार्तेचा शेवटही जणू ठरलेला असतो. पंचनामा होतो, दगावलेल्या जनावरांची मोजदाद होते, आणि शेतकऱ्याने आता काडीचा नाद सोडून पत्र्याचा गोठा बांधावा, असा सल्ला जो-तो देऊन जातो. प्रस्तुत लेखकानेही हा सल्ला अनेकदा दिलेला आहे. तो पुरता योग्य नव्हता, असे आता वाटते. आणि तसे का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

एका पंचनाम्यात दिसलेली भिंत

गेल्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातील एका शेतात जळालेला गोठा पाहण्याचा प्रसंग आला. चैत्रातील दुपार होती. शेजारच्या शेताचा धुरा सकाळी पेटविण्यात आला होता आणि तो विझला असे समजून मंडळी घरी गेली होती. दुपारी वारा सुटला. धुऱ्यावर दबून राहिलेला विस्तव उडून गोठ्याच्या पश्चिमेस टेकवून ठेवलेल्या कुटाराच्या ढिगावर पडला. ढिगाची आग तुराट्यांच्या भिंतीला लागली, भिंतीवरून ती छपराला भिडली, आणि पाणी आणावयास गेलेला मनुष्य विहिरीवरून परत येईपर्यंत छप्पर खाली बसले होते. बैल बाहेर निंबाखाली बांधलेले होते म्हणून वाचले. एक गाय आणि तिचे वासरू मात्र दावणीलाच राहिले.

राख निवल्यानंतर आम्ही आत गेलो, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. गोठ्याच्या एका टोकास रखवालीसाठी लहानशी खोली होती. तिच्या भिंतीही त्याच तुराट्यांच्या, त्याच वर्षी रचलेल्या. परंतु त्या खोलीत चूल पेटत असे म्हणून घरच्या वृद्ध मातोश्रींनी तिचा कूड आतून-बाहेरून जाड लिंपून घेतला होता आणि वर मातीचे धाबे घातले होते. गोठ्याच्या बाजूने ती भिंत भाजून तांबूस झाली होती, एके ठिकाणी माती पोपडे होऊन गळली होती आणि तेथील काड्या कोळशासारख्या झाल्या होत्या. पण भिंत उभी होती. खोलीतील हरभऱ्याची पोती शाबूत होती. एकाच छपराच्या आश्रयाला, एकाच आगीत, एकच काडी एका बाजूला राख झाली आणि दुसऱ्या बाजूला टिकली. त्या दोहोंत फरक होता तो केवळ दोन बोटे मातीचा.

सवयीप्रमाणे आम्ही पत्र्याची गोष्ट काढली. त्यावर त्या मातोश्री म्हणाल्या, “साहेब, पत्र्यात ढोरं भाजतात अन् तुराट्यात जळतात, मंग बांधू तरी काय?” या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर त्यांच्याच हातांनी लिंपलेल्या भिंतीवर लिहिलेले होते, हे पुढे कित्येक दिवसांनी ध्यानात आले.

पत्रा हे उत्तर आहे काय?

पत्रा जळत नाही, हे खरे. उडून आलेली ठिणगी तो सोसतो आणि पाऊस अडवितो. ज्यांची ऐपत आहे त्यांनी पत्रा घालावा, यात दुमत नाही. राज्य शासनाने २०२१ साली रोजगार हमीच्या आधारे पक्क्या गोठ्यासाठी साहाय्याची योजना जाहीर केली; ज्यांना अशा योजनेचा लाभ मिळू शकतो त्यांनी तो अवश्य घ्यावा. परंतु जिल्ह्यातील सर्व गोठे एका वर्षात वा दहा वर्षांत पक्के होतील, असे मानून सल्ला देणे म्हणजे विहीर खणून होईपर्यंत तहान थोपवून धर, असे सांगण्यासारखे आहे. तोवर लहान शेतकऱ्याचा गोठा शेतात जे निघते त्याचाच होणार, आणि वाशीम जिल्ह्यात निघते ती तूर. सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतलेली तूर पौषाच्या सुमारास निघाली, की पुरुषभर उंचीच्या, सरळ, चिवट तुराट्या बांधावर येऊन पडतात. त्यांना दाम पडत नाही, वाहतूक पडत नाही, आणि काम संपले तर त्या मातीस मिळून जातात.

शिवाय नुसत्या पत्र्याखाली वैशाखातील दुपार जनावराला किती जड जाते, हे ज्याने धापा टाकणारी म्हैस पाहिली आहे त्याला सांगावयास नको. तापलेल्या पत्र्याची धग थेट पाठीवर येते. जनावर चारा कमी खाते, पाणी जास्त पिते आणि दूध कमी देते. काडी-मातीची भिंत व छप्पर ऊन अडविते. हा गुण सोडून देण्याजोगा नाही.

आणखी एक गोष्ट. पत्र्याच्या कित्येक गोठ्यांतही वासे लाकडाचे, आडोसा तुराट्यांचा आणि आत आढ्यापर्यंत भरलेले कुटार असते. अशा गोठ्यास आग लागली तर वरचा पत्रा ती थांबवीत नाही. म्हणून पत्रा घातला म्हणजे आगीची चिंता मिटली, ही समजूत धोक्याची आहे.

काडी का पेटते आणि कूड का टिकतो?

आग जगते ती जळण, हवा आणि उष्णता या तिघांच्या मेळाने. तुराटी बारीक असल्याने लवकर तापते. दोन तुराट्यांमध्ये फट असल्याने तिला चहूबाजूंनी हवा मिळते. आणि काड्या उभ्या रचलेल्या असल्याने खालची ज्वाळा वरच्या काडीला तापवीत धुराड्यासारखी चढत जाते. जाड ओंडका चुलीत तासभर धुमसत राहतो आणि त्याच वजनाच्या काटक्या पाच मिनिटांत फडफडून जातात, याचे कारण हेच. म्हणजे उघड्या तुराट्यांची भिंत ही अजाणता रचून ठेवलेली चूलच होय.

त्याच भिंतीच्या फटी मातीने भरल्या आणि दोन्ही अंगांनी लिंपण केले, म्हणजे तिचा स्वभाव पालटतो. माती जळत नाही. ती काडीपर्यंत हवा पोचू देत नाही आणि उष्णताही सावकाश पोचविते. काडी आत काळी पडली तरी ज्वाळा धरीत नाही.

हे केवळ आपल्या आजीबाईंचे शहाणपण आहे असे नव्हे. इ.स. १२१२ मध्ये लंडन शहरात मोठी आग झाल्यानंतर तेथील नगरसभेने गवत-बोरूची नवी छपरे घालण्यास मनाई केली आणि जी जुनी होती त्यांना गिलावा करण्याची सक्ती केली. अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात लाकूड दुर्मिळ असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहतकऱ्यांनी गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचून घरे बांधली व त्यांवर गिलावा केला. अशाच गठ्ठ्यांच्या भिंतींची २००६ साली अमेरिकेत रीतसर अग्निपरीक्षा घेण्यात आली. मातीने लिंपलेली भिंत एक तास आणि सिमेंट-चुन्याचा गिलावा केलेली भिंत दोन तास आगीसमोर टिकल्याची नोंद झाली. आपला कूड त्या गठ्ठ्यांच्या मानाने पुष्कळ पातळ असतो, म्हणून ते आकडे आपल्या गोठ्याला जसेच्या तसे लावू नयेत. परंतु तत्त्व तेच आहे: पिकाची काडी दाबून, हवा न ठेवता, मातीखाली झाकली म्हणजे ती सहजासहजी पेटत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. लिंपण केलेला गोठा मुळीच जळत नाही, असा दावा कोणी करू नये. लिंपण आगीला अडवून मनुष्याला उसंत देते. त्या दिवशी त्या गोठ्यात पंधरा मिनिटांची उसंत मिळाली असती, तर विहिरीवरून परतलेल्या मनुष्याला गाय-वासराची दावी सोडता आली असती. मागावयाचे आहे ते इतकेच. पण ते थोडे नव्हे.

लिंपण कसे असावे?

आपल्याकडे लिंपणाची चाल नवी नाही. परंतु हल्ली ते घराच्या दर्शनी भिंतीपुरते आणि दिवाळीपुरते उरले आहे. गोठ्यास ते कमरेइतके केले तरी पुष्कळ झाले असे मानतात. कमरेच्या वर उघडी राहिलेली काडी छपराला आग पोचविण्यास पुरेशी असते. म्हणून लिंपण करावयाचे तर पुढील गोष्टी सांभाळल्याच पाहिजेत.

प्रथम काडीची निवड. भिंतीसाठी तुराट्याच घ्याव्यात, पऱ्हाट्या घेऊ नयेत. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. २०१७ च्या खरिपात या अळीने विदर्भातील कापसाची केलेली नासाडी कोणी विसरलेले नाही. पऱ्हाट्या गावात वा गोठ्यावर रचून ठेवणे म्हणजे पुढील हंगामासाठी कीड पोसणे होय. त्यांचा शेतातच यंत्राने भुगा करावा वा त्यांचे खत करावे.

दुसरी गोष्ट माती. आपल्या शेतातील काळी माती वाळताना आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून नुसत्या काळ्या मातीचे लिंपण करू नये. भेगेतून आग आत शिरली, तर लिंपण असून नसल्यासारखे होते. गावठाणातील जुन्या पडक्या भिंतींची पांढरी माती यासाठी उत्तम. ती पुरेशी नसेल तर काळ्या मातीत वाळू वा बारीक मुरूम मिसळावा. तीत बारीक कुटार आणि शेण घालून पाणी सोडावे आणि पाच-सात दिवस कुजू द्यावे, रोज तुडवावे. कुटाराचे धागे माती बांधून ठेवतात आणि तडा जाऊ देत नाहीत. प्रमाण मातीप्रमाणे बदलते, म्हणून तळहाताएवढी वडी थापून सावलीत वाळवावी. तडा गेला तर वाळू वा कुटार वाढवावे. बोटाने चोळताच भुगा पडला तर चिकण माती वाढवावी.

तिसरी गोष्ट हात. पहिला हात हा भिंतीवर थापावयाचा नसून फटींत दाबावयाचा असतो. दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी एकाच वेळी माती दाबली, म्हणजे आत पोकळी राहत नाही. नुसते वरवर थापले तर दोन लिंपणांच्या मध्ये काड्यांचा पोकळ पडदा राहतो. एखाद्या भोकातून आत गेलेला विस्तव त्या पोकळीत चढत जातो आणि बाहेरून काही कळत नाही. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा. दोन्ही मिळून प्रत्येक अंगास निदान इंचभर जाडी भरावी. भिंतीचा माथा, कोपरे आणि दाराच्या चौकटीची कड ही सर्वांत दुर्लक्षित ठिकाणे. आग तेथूनच शिरते, म्हणून ती आधी बुजवावीत.

चौथी गोष्ट पाया. भिंत जमिनीवर टेकवू नये. हात-दीड हात उंचीचे दगडी जोते करून त्यावर कूड उभा करावा, म्हणजे पावसाचे शिंतोडे लिंपण धुऊन नेत नाहीत, गोमूत्राने ते भिजत नाही आणि उधईसही अटकाव होतो. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीच्या गिलाव्यात पातळ केलेले डांबर मिसळून तो पावसास टिकाऊ करण्याची पद्धत विकसित केली आहे. ती वापरावयाची तर जाणत्याच्या देखरेखीखाली वापरावी, आणि डांबर तापविण्याचे काम गोठ्यापासून दूर, मोकळ्या जागी करावे.

काही शेतकरी विचारतात की, फवारून आग टाळता येईल असे एखादे औषध नाही काय? अमोनियमयुक्त क्षारांचा उपयोग लाकडाची ज्वालाग्राहिता कमी करण्यासाठी करतात, हे खरे. परंतु असे क्षार पाण्यात विरघळतात. उघड्यावर ते पहिल्याच पावसात धुऊन जातात, आणि जनावरांनी ती भिंत चाटली तर विषबाधेचे नवे संकट ओढवते. गोठ्यासाठी आम्ही त्यांची शिफारस करणार नाही. मातीला पर्याय नाही.

छपराचा प्रश्न थोडा बिकट आहे. वऱ्हाडातील जुनी धाब्याची घरे आठवावीत: लाकडी कड्यांवर काड्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आगीच्या दृष्टीने ही रचना उत्तम. परंतु मातीचे ओझे मोठे असते आणि किडक्या लाकडावर ते पावसाळ्यात कोसळण्याची भीती असते. लाकूड मजबूत नसेल तर धाब्याच्या वाटेस जाऊ नये. आमच्या मते मध्यम मार्ग असा: वर पत्रा, आणि त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचे लिंपलेले तट्टे. पत्रा पाऊस आणि उडती ठिणगी अडवितो. तट्ट्याचे लिंपण खालून येणारी ज्वाळा आणि वरून येणारी धग दोन्ही अडविते. मात्र मधल्या अंतरात कुटार वा सामान कोंबू नये, आणि कडेने उंदीर-पाखरांनी घरटी करू नयेत म्हणून जाळी लावावी. ज्यांच्याकडे गवताचेच छप्पर आहे, त्यांनी निदान त्याची खालची बाजू आणि वळचणीच्या कडा लिंपून घ्याव्यात. आग छपराला बहुधा वळचणीपासूनच धरते.

शेवटची गोष्ट काळ. पोळा-दिवाळीला केलेले लिंपण होळीपर्यंत तडकते. आगीचे दिवस होळीनंतर येतात. म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास गोठ्याभोवती एक फेरी घालून भेगा, उंदरांची बिळे आणि पोपडे बुजवावेत. हे एका दिवसाचे काम आहे. आणि ते बायकांचे काम म्हणून सोडून देऊ नये. माती तुडविणे, पाणी वाहणे आणि भिंतीच्या माथ्यापर्यंत हात पोचविणे हे कष्टाचे काम आहे. ज्या घरी पुरुषांनी ते वाटून घेतले नाही, त्या घरी लिंपण कमरेशीच थांबते, असे आम्ही पाहिले आहे.

लिंपणाने न भागणाऱ्या गोष्टी

भिंत कितीही चांगली असली, तरी तिला टेकून कुटाराचा ढीग ठेवला तर तिचा निभाव लागणे कठीण. गंजी, सुडी आणि कुटार गोठ्यापासून निदान पन्नास पावले दूर असावे. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून वाहतो; म्हणून साठा गोठ्याच्या पूर्वेस ठेवावा, म्हणजे पेटलाच तर ठिणग्या गोठ्यापासून दूर जातील. सर्व चारा एकाच गंजीत न ठेवता दोन ठिकाणी ठेवावा. ओला चारा वा ओले कुटार दाबून रचू नये. ते आतून तापते आणि कधी कधी आपोआप धुमसू लागते.

दुसरे, धुरे पेटविण्याची चाल. धुऱ्यावरील गवत जाळल्याने बांध स्वच्छ होतो ही समजूत आहे. पण त्याने जमिनीचा सेंद्रिय अंश जातो, बांधावरील झाडे होरपळतात आणि विस्तव कोठे जाईल याची शाश्वती राहत नाही. गवत कापून ते आच्छादनास वापरावे, हाच आमचा सल्ला आहे. गोठ्याभोवती मात्र दहा पावलांचा पट्टा गवत-कचरा काढून उघडा ठेवावा.

तिसरे, वीज. काडीच्या भिंतीतून उघडी तार नेणे, चिकटपट्टीचे सांधे वळचणीत लोंबकळू देणे आणि तारेवर आकडा टाकून दिवा लावणे, ही आगीला दिलेली आमंत्रणे होत. तार नळीतून, लाकडी मेढीवरून न्यावी. काडीला ती लागू देऊ नये. वीज आपोआप तोडणारी कळ बसवावी. हल्ली फवारणी पंपाच्या बॅटऱ्या गोठ्यातच, कुटाराच्या पोत्यावर ठेवून रात्रभर भारित करतात. हे तत्काळ थांबले पाहिजे. डिझेल, गंधक आणि कीटकनाशके यांनाही गोठ्यात जागा नसावी. चुलीची राख पाणी मारल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नये, आणि माशा-डासांसाठी केलेला धूर रात्री निजण्यापूर्वी विझवावा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, जनावराची सुटका. लोखंडी साखळी आणि घट्ट बसलेली गाठ यांमुळे किती जनावरे प्राणास मुकली असतील! दावे असे बांधावे की मोकळे टोक ओढताच एका हिसक्यात सुटावे. दाराशी आतून आणि बाहेरून हाताशी येईल असा एक धारदार विळा कायम टांगलेला असावा. गोठ्यास दोन बाजूंनी दोन दारे असावीत आणि ती बाहेर उघडावीत. घाबरलेले जनावर पुष्कळदा ओळखीच्या दावणीकडेच परत धावते. म्हणून बाहेर काढलेले जनावर दूर नेऊन बांधावे वा दार लावून घ्यावे. पाण्याने भरलेली एक मोठी टाकी वा पिंप आणि दोन बादल्या गोठ्याजवळ उन्हाळाभर असाव्यात. तारेमुळे आग लागली असेल तर आधी वीज तोडावी, मगच पाणी मारावे. अग्निशमनासाठी १०१ वा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. परंतु बंब शहरातून आडरानातील शेतापर्यंत येण्यास वेळ लागतो, हे लक्षात घेऊन पहिली पंधरा मिनिटे आपल्याच बळावर निभवावयाची आहेत, अशीच तयारी ठेवावी.

आमच्या खात्याकडून अपेक्षा

आता दोन शब्द आमच्याविषयी. आपत्ती साहाय्यासाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांकरिता केंद्राने ठरविलेल्या निकषांत दगावलेल्या दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये, वासरास २०,००० रुपये आणि घराला जोडून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये असे साहाय्य नमूद आहे. हे साहाय्य संकटात मोलाचे आहे. पण हाताशी आलेली बैलजोडी गेल्यावर पेरणीचा जो खोळंबा होतो आणि दुभती गाय गेल्यावर घरातील मुलांच्या दुधाचा जो तुटवडा होतो, तो कोणत्याही रकमेने भरून येत नाही. गोठा जळाल्यानंतरच्या पंचनाम्याइतकेच गोठा जळण्यापूर्वीच्या पाहणीला महत्त्व मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. कृषी साहाय्यकांनी माघ महिन्यात प्रत्येक गावी एक तरी गोठा गावकऱ्यांच्या हातांनी लिंपून दाखवावा. कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात उघड्या तुराट्यांचा आणि लिंपलेल्या तुराट्यांचा असे दोन हातभर तुकडे शेजारी-शेजारी उभारून, पाण्याची सोय ठेवून, ते लोकांसमोर पेटवून दाखवावेत. हजार शब्दांनी जे पटत नाही ते त्या पाच मिनिटांत पटेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तुराटी-मातीच्या भिंतींची आपल्या हवेत, आपल्या मातीवर रीतसर परीक्षा घ्यावी, अशी विनंती करावीशी वाटते. कारण परदेशातील आकड्यांवर आपला गोठा उभा राहणार नाही. आणि गोठ्याचे जे नमुना-आराखडे आम्ही वाटतो, त्यांत विटा-सिमेंटच्या बरोबरीने लिंपलेल्या कुडाचाही एक आराखडा असावा. जो शेतकरी काडीचाच गोठा बांधणार हे निश्चित आहे, त्याला ‘काडीचा बांधू नको’ असे सांगून आपण मोकळे होतो. त्याऐवजी ‘काडीचा बांध, पण असा बांध’ हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला न्हाऊ-माखू घालतो, त्याच्या शिंगांना बेगड लावतो, त्याला पुरणपोळी देतो. ती कृतज्ञता खरी आहे. तीच कृतज्ञता महाशिवरात्रीच्या सुमारास एका दिवसाच्या लिंपणातून, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीतून आणि भिंतीपासून दूर हलविलेल्या कुटारातून प्रकट व्हावी. त्या मातोश्रींनी आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्हाला उशीर झाला. त्यांनी यंदा गोठा पुन्हा तुराट्यांचाच उभारला आहे. माथ्यापर्यंत लिंपलेला, दोन दारांचा, आणि दाराशी विळा टांगलेला. आम्ही त्यांना पत्र्याचा सल्ला पुन्हा दिला नाही. तुरी निघाल्या आहेत, तुराट्या बांधावर पडल्या आहेत आणि पांढरी माती गावातच आहे. होळीच्या आत आपल्याही गोठ्याकडे एकदा पाहून घ्यावे.